निरोपाच्या तीन ओळी

मला कामावरून काढलं ते मराठीत काढलं, आणि मूर्खासारखं मला त्याचंच बरं वाटलं.

बंगळुरात आमची मराठी सहसा उंबरठ्याबाहेर पडत नाही. घराण्याला इथे येऊन साडेतीनशे वर्षं झाली असं मोठी माणसं सांगतात. घरात मराठी, दारात कन्नड, कचेरीत इंग्रजी अशी वाटणी आम्ही कधीच करून टाकली आहे. त्यामुळे देवनहळ्ळीच्या पुढे गुलाब परदेशी पाठवणाऱ्या त्या कंपनीत मी रुजू झाले आणि तिथला एचआर मॅनेजर पुण्याचा निघाला, तेव्हा माहेरचं माणूस भेटल्यासारखं मला झालं.

"अरे वा, ताई, तुम्ही मराठी?" त्यानं पहिल्याच दिवशी विचारलं. "मूळच्या कुठल्या?"

"इथलीच. बसवनगुडीची."

"नाही, म्हणजे ओरिजिनली?"

"ओरिजिनलीच इथली."

त्याला याची फार गंमत वाटली. वयानं तो माझ्याहून बारा-तेरा वर्षांनी लहान, बंगळुरात येऊन जेमतेम चार-पाच महिने झालेले. मी "सर, पेट्या स्वल्प आत सरकवायला सांगा की" म्हटलं की तो हसायचा आणि मला पुन्हा म्हणून दाखवायला सांगायचा. मीही म्हणून दाखवायची. आता आठवलं की कपाळावर हात मारून घ्यावासा वाटतो.

त्याआधी सतरा वर्षं मी एका बियाण्यांच्या कंपनीत तपासणी विभागात होते. ती कंपनी दुसऱ्या शहरात गेली आणि चव्वेचाळिसाव्या वर्षी मी नवी नोकरी शोधायला निघाले. गुलाबवाल्यांनी घेतलं. पत्रावर हुद्दा लिहिला होता 'क्वालिटी मॅनेजर'. माझ्या थोरल्या भावानं, म्हणजे अण्णानं, हा हुद्दा आमच्या समाजाच्या हळदीकुंकवापासून मुंजीपर्यंत सगळीकडे पोचवला. काम मात्र असं की सकाळी मेट्रो, मग बस, मग कंपनीची व्हॅन असं करत पॅक हाऊसमध्ये पोचायचं आणि लांब टेबलाशी उभं राहून दिवसभर गुलाब निवडायचे. देठाची लांबी बघायची, खालची पानं काढायची, कळी फिरवून बाहेरच्या पाकळ्यांवर डाग आहे का ते पाहायचं, वीस-वीसची जुडी बांधायची. माझ्या हाताखाली कोणी नव्हतं. टेबलावरच्या बाकीच्या बायकांत आणि माझ्यात फरक एवढाच की जुड्यांच्या चिठ्ठीवर सही माझी असायची.

फेब्रुवारीत परदेशातली मागणी सगळ्यात जास्त. त्या दिवसांत एका दुपारी शीतगृहाचं यंत्र तीन तास बंद पडलं. आतली फुलं दमट झाली. गुलाबाला ओल लागली की करडी बुरशी धरते. आधी पाकळीवर टाचणीच्या टोकाएवढे डाग दिसतात आणि दोन दिवसांत सगळी कळी कुजते. मी त्या सगळ्या बादल्या बाजूला काढल्या, वहीत यंत्र बंद असल्याची वेळ लिहिली, चिठ्ठीवर 'पाठवू नये' असं लिहिलं आणि घरी आले. पुढच्या पाळीत कोणीतरी तीच फुलं पेट्यांत भरली. माल पोचला तेव्हा तिकडच्या गिऱ्हाईकानं फोटो पाठवले.

हंगाम सरला, मार्च लागला, आणि त्यानं मला केबिनमध्ये बोलावलं. कॉफी मागवली. माझ्या प्रोबेशनचा पाचवा महिना चालू होता.

"ताई, वाईट वाटून घेऊ नका," तो म्हणाला. "सीझन संपला. मॅनेजमेंटला टीम छोटी करायची आहे. तुम्ही प्रोबेशनवर आहात, म्हणून सिंपल आहे. उद्यापासून नका येऊ."

"उद्यापासून?"

"हो. हे लेटर. घरी जाऊन शांतपणे वाचा."

लिफाफा बंद होता. तो दारापर्यंत सोडायला आला. मी टेबलावरच्या बायकांना हात केला, ॲप्रन घडी करून ठेवला आणि व्हॅनमध्ये बसले. डोळ्यांत पाणी येत होतं, पण राग नव्हता. हंगामी धंदा, काम संपलं, माणूस संपलं, असं मी मनाशी समजूत घालत होते.

बसमध्ये अण्णाचा फोन आला. तो बँकेतून निवृत्त झालेला. आमच्या घरी कुठल्याही जागेवरून निघायची एक रीत आहे, आणि ती मोडलेली त्याला खपत नाही. भाड्याचं घर सोडताना घरमालकाच्या पाया पडायचं, शाळा सोडताना मास्तरांना नमस्कार करायचा, भांडणातून उठतानासुद्धा "येतो" म्हणून उठायचं.

"निरोप नीट घेतलास का ग?" त्यानं विचारलं. "नोकरी गेली तर जाऊ दे. तोंड फिरवून नको येऊ बघ."

"घाईत निघाले अण्णा."

"मग एक मेसेज तरी कर. मी सांगतो तसं लिही."

त्यानं सांगितलं आणि मी फोन मांडीवर घेऊन तीन ओळी लिहिल्या. 'सर, गेले पाच महिने आपण सांभाळून घेतलंत, आभारी आहे. माझ्याकडून कळत-नकळत काही चुकलं असल्यास मोठ्या मनाने क्षमा करावी. लोभ असू द्यावा.' दोन मिनिटांत त्याचा हात जोडलेला इमोजी आला.

लिफाफा मी घरी येऊन, पाय धुऊन, चहा पिऊन मग फोडला.

पत्र इंग्रजीत होतं, सहा ओळींचं. हंगामाचा त्यात उल्लेखच नव्हता. लिहिलं होतं की तपासणीच्या कामात माझ्याकडून गंभीर हलगर्जीपणा झाला, त्यामुळे कंपनीचा माल परत आला आणि म्हणून मला कामावरून कमी करण्यात येत आहे. खाली मराठी माणसाची इंग्रजी सही.

मी ते तीनदा वाचलं. मग त्याला फोन लावला. कसलंही 'नमस्कार सर' न करता विचारलं, "हे काय लिहिलंय?"

"ताई, ते स्टँडर्ड फॉरमॅट आहे हो. फाइलला काहीतरी रीझन लागतं."

"फुलं मी थांबवली होती. वहीत लिहिलंय. चिठ्ठीवर लिहिलंय."

"मी तिथे नव्हतो त्या दिवशी. आणि हे कोण वाचतंय? तुम्ही पुढे जा ना. चिल."

कोण वाचतंय ते आठ दिवसांत कळलं. फुलांचा धंदा तिकडे मोठा, पण माणसं मोजकी. त्याच रस्त्यावरच्या दुसऱ्या पॅक हाऊसमध्ये मी भेटायला गेले. तिथल्या बाईंनी माझ्याकडून पन्नास देठ निवडून घेतले आणि एकही परत काढला नाही. मग मागच्या नोकरीचं पत्र मागितलं. वाचता वाचता त्यांचं बोट एका ओळीवर थांबलं. कागद माझ्या बाजूला सरकवत त्या कन्नडमध्ये म्हणाल्या, "मी घेते हो तुम्हाला, पण हे वाक्य काढून आणा. माझ्या मालकांना हे दाखवता येणार नाही." बोलल्या अगदी सौम्यपणे, आणि त्यामुळेच मला जास्त लागलं. सतरा वर्षं माझ्या सहीनं बियाणं बाहेर पडत होतं, आणि आता माझ्या नावापुढे हलगर्जीपणा.

मला पगार नको होता, परत ती नोकरीही नको होती. मला ते एक वाक्य काढून हवं होतं. ते राहिलं तर त्या पट्ट्यात मला कोणी उभं करणार नव्हतं.

जे. पी. नगरमध्ये कामगारांच्या बाजूनं लढलेल्या एक वकीलबाई राहतात. आता कोर्टात जात नाहीत, घरीच सल्ला देतात. कोणीतरी पत्ता दिला आणि मी जाऊन बसले. त्यांनी चष्मा चढवून पत्र वाचलं.

"प्रोबेशनवरच्या माणसाला नको म्हणायचा कंपनीला हक्क आहे," त्या म्हणाल्या. "पसंत पडला नाही, या. एवढंच लिहून त्यांनी पाठवलं असतं तर मी तुम्हाला कॉफी पाजून परत पाठवलं असतं. पण इथे त्यांनी डाग लावलाय. डाग लावायचा तर आधी आरोप लेखी द्यायला हवा, तुमचं म्हणणं ऐकायला हवं, चौकशी करायला हवी. प्रोबेशन असलं म्हणून काय झालं? विचारलं का तुम्हाला काही?"

"कॉफी विचारली."

त्या हसल्या नाहीत. "आता दुसरं. हा हुद्दा कुणी घातला? क्वालिटी मॅनेजर?"

मी जरा ताठ बसले. "त्यांनीच दिला."

"हा तुमच्या मुळावर येणार. कामगार खात्याचं दार कामगारासाठी आहे. मॅनेजरला तिथे उभं करत नाहीत. कंपन्या उगाच वाटत नाहीत असले हुद्दे. पण अधिकारी शहाणा असला तर पाटी बघत नाही, काम बघतो. रजा कुणाची मंजूर करायचात?"

"माझीच मंजूर व्हायची नाही."

"मग तेच सांगा. लाजू नका."

लाजू नका म्हणणं सोपं. सगळ्या समाजात अण्णानं मला मॅनेजर करून ठेवलं होतं, आणि खरं सांगायचं तर मीही तो हुद्दा अंगावर दागिन्यासारखा मिरवला होता. आता सरकारी कचेरीत उभं राहून मी मॅनेजर नाही हे मलाच सिद्ध करायचं होतं.

वकीलबाईंनी सांगितलं तसं कंपनीला पत्र पाठवलं, कामगार खात्यात अर्ज दिला. कंपनीचं उत्तर आलं ते मी व्हरांड्यात उभी राहूनच उघडलं. पत्राला माझ्या त्या निरोपाच्या मेसेजचा फोटो जोडला होता आणि शेजारी टाइप केलेला इंग्रजी अर्थ. संबंधित महिलेनं कामावरून कमी झाल्याच्या दिवशीच आपल्या चुका मान्य करून लेखी माफी मागितली आहे, सबब वेगळ्या चौकशीची गरज उरत नाही. भाषांतर खरं असल्याबद्दल खाली त्याचीच सही.

मी ती सही दोनदा वाचली. मग डोकं फिरलं. हे दुसऱ्या कुणी केलं असतं, मराठी न कळणाऱ्यानं केलं असतं, तर मी समजून घेतलं असतं. पण याला त्या ओळींचा अर्थ ठाऊक होता. आमंत्रणपत्रिकेत, सत्कारात, बदलीच्या चहापानात, जिथे तिथे माणसं हेच म्हणतात. कळत-नकळत काही चुकलं असेल तर. याचा अर्थ कुणी चूक केली असा घेत नाही. त्याच्या घरीही हेच म्हणत असणार. तो हे जाणून होता आणि त्यानं ते माझ्या विरुद्ध वापरलं.

अण्णाला कागद दाखवला. त्यानं वाचला, घडी घातली, पुन्हा उघडून वाचला.

"मी सांगितलेलं हे," तो म्हणाला.

"तुझं काय चुकलं त्यात?"

"मीच सांगितलेलं." एवढं बोलून तो आत गेला. चार दिवस माझ्याशी नीट बोलला नाही. मला त्याची दया येत होती आणि त्याचा रागही येत होता, दोन्ही एकाच वेळी. आमच्या सभ्यपणानंच आमचा गळा धरला होता.

तारीख मे महिन्यातली लागली. कामगार खात्याच्या त्या खोलीत एक मोठं टेबल, त्याच्यापलीकडे अधिकारी, अलीकडे चार खुर्च्या. वकीलबाईंना गुडघ्यांमुळे जिना चढवेना, म्हणून मी एकटीच होते. कंपनीकडून तो आला, इस्त्रीचा शर्ट, हातात निळी फाइल. मला पाहून त्यानं मान हलवली. मी हलवली नाही.

अधिकारी साठीला आलेले, कन्नड, फार सावकाश बोलणारे. माझ्याशी कन्नडमध्ये, त्याच्याशी इंग्रजीत. आधी त्यांनी नेमणुकीचं पत्र पाहिलं आणि वकीलबाई म्हणाल्या होत्या तीच अडचण काढली.

"अम्मा, इथे मॅनेजर लिहिलंय. मग मी हे प्रकरण कसं ऐकू?"

तो शेजारी फाइलवर बोटांनी ताल धरत होता. मी दोन्ही हात टेबलावर उपडे ठेवले. काट्यांचे ओरखडे अजून गेले नव्हते. दोन नखांखाली हिरवट काळं कायमचं बसलं होतं.

"मी फुलं निवडते साहेब," मी म्हणाले. "उभी राहून. सकाळपासून संध्याकाळपर्यंत. पानं काढते, जुड्या बांधते. मॅनेजर फक्त कागदावर आहे."

"हाताखाली कोणी?"

"कोणी नाही."

अधिकाऱ्यांनी त्याला विचारलं, "हिनं कधी कुणाची रजा मंजूर केली? कुणाला कामावर घेतलं? काढलं?"

"नो सर," तो म्हणाला, आणि त्याला राहवलं नाही, "रजा, भरती, काढणं, सगळं माझ्या सहीनं होतं. शी हॅड नो सच पॉवर."

"सरी, ठीक आहे," अधिकारी म्हणाले आणि ते लिहून घेतलं. "म्हणजे ही कामगार. मी ऐकतो."

त्याच्या बोटांचा ताल थांबला. आपण काय बोलून बसलो ते त्याच्या लक्षात आलं असावं. मला आतल्या आत टाळी वाजवावीशी वाटली. पण लगेच त्यानं फाइल उघडली आणि माझा मेसेज पुढे केला.

अधिकाऱ्यांनी इंग्रजी अर्थ वाचला. चेहरा गंभीर झाला. "अम्मा, हे तुम्ही लिहिलंय?"

"मी लिहिलंय."

"माफी मागितली आहे."

"ती माफी नाही साहेब. निघताना म्हणतात तसं. रीत आहे आमच्यात. आणि तेव्हा मी पत्र उघडलंही नव्हतं. माझ्यावर काय आरोप आहे तेच मला ठाऊक नव्हतं, मी कबूल कशाचं करणार?"

"उघडलं नव्हतं हे तुम्ही म्हणता. कागदावर तसं नाही. कागदावर आभार आहेत आणि क्षमा आहे." ते खुर्चीत मागे टेकले. "मला मराठी येत नाही. तुमचं मी खरं मानलं तरी तुम्ही पक्षकार आहात. भाषांतरावर यांची सही आहे."

आपण हरत आहोत हे मला कळलं. यंत्र बंद पडल्याची वही कंपनीकडे होती आणि ती 'सापडत नाही' असं उत्तरात लिहिलेलं होतं. चिठ्ठ्या केव्हाच फेकून दिलेल्या. माझ्याजवळ त्या तीन ओळींखेरीज काही नव्हतं, आणि त्याही माझ्या नव्हत्या राहिल्या.

तेव्हा अधिकाऱ्यांनी पेन उचललं आणि त्याच्याकडे पाहिलं. "तुमची मातृभाषा मराठी?"

"येस सर."

"मग मी तुम्हाला कंपनीचा माणूस म्हणून विचारत नाही. ही भाषा जाणणारा म्हणून विचारतो, आणि तुमचं उत्तर तुमच्या नावानं लिहून घेणार आहे. सावकाश द्या. हे वाक्य म्हणजे चुकीची कबुली आहे, का निघताना बोलायची पद्धत?"

पंखा फिरत होता. पलीकडच्या खोलीत कुणीतरी स्टेपलर आपटत होतं. त्यानं फोन उचलला, पाहिला, उलटा ठेवला. मी त्याच्याकडे बघणार नव्हते, पण बघितलं. कपाळावर घाम होता.

मी मराठीत बोलले. आतापर्यंत एक अक्षर त्याच्याशी बोलले नव्हते. "पुण्याचं घर सोडून इकडे निघालात, तेव्हा शेजाऱ्यांना तुमच्या आई काय म्हणाल्या?"

"काय म्हणताय तुम्ही?" अधिकाऱ्यांनी मला दटावलं. "त्यांना बोलू द्या."

तो खोटं बोलला असता तर माझं सगळं तिथेच संपत होतं, आणि खोटं बोलणं त्याला किती सोपं होतं. एकदा केलंच होतं.

"इट इज अ पद्धत, सर," तो शेवटी म्हणाला. इंग्रजी शब्द त्याला सापडला नाही. "नॉट ॲडमिशन. निघताना आम्ही असं म्हणतो. सगळेच म्हणतात."

अधिकाऱ्यांनी लिहिलं, त्याला वाचून दाखवलं, त्याची सही घेतली. मग म्हणाले, "म्हणजे कबुली नाही, चौकशी नाही, वही नाही. कंपनीनं आठवड्याभरात नवं पत्र द्यावं. कामावरून कमी केलं एवढंच लिहावं, कारणाचं वाक्य नको. देणार नसाल तर मी हे सगळं असंच पुढे पाठवतो."

तो फाइल उचलून निघून गेला. माझ्याकडे पाहिलं नाही. मी जिन्यात बसून रडले. मग अण्णाला फोन केला. तो नुसता नाक ओढत राहिला.

नवं पत्र सहाव्या दिवशी कुरियरनं आलं. तीन ओळी, स्वच्छ. ते घेऊन मी त्या दुसऱ्या पॅक हाऊसमध्ये गेले आणि बाईंनी दुसऱ्या दिवसापासून यायला सांगितलं. हुद्दा विचारला तर म्हणाल्या, "ग्रेडर. चालेल?" मी म्हटलं, पळेल. नव्या पत्राखालची सही मात्र वेगळ्याच कुणाचीतरी होती, हे माझ्या आनंदाच्या भरात लक्षात आलं नाही.

लक्षात आलं ते दोन आठवड्यांनी, रविवारी सकाळी. त्याचा फोन आला. बसवनगुडीतच आहे, पाच मिनिटं भेटता का म्हणाला. घरी बोलवायची माझी इच्छा नव्हती. कोपऱ्यावरच्या दर्शिनी हॉटेलात गेले. तो उभ्यानं कॉफी पिण्याच्या टेबलाशी थांबला होता, कॉफी न घेता. दाढी वाढलेली.

"मला काढलं, ताई," तो म्हणाला.

खोटं कशाला सांगू, एक क्षण मला बरं वाटलं. अगदी गार वाटलं. मग त्यानं खिशातून कागद काढून माझ्यापुढे धरला. तसलंच पत्र, तसल्याच सहा ओळी. कंपनीच्या हिताला बाधक वर्तन, असं लिहिलं होतं. पुढे तारीख होती, आमच्या सुनावणीची.

मी कागद त्याच्या हातात परत दिला.

"तीन ठिकाणी इंटरव्ह्यू दिले," तो म्हणाला. "तिन्ही ठिकाणी हे लेटर मागतात. तुम्ही त्या ऑफिसात अर्ज केलात ना, तो कसा करायचा? सोबत काय काय लावायचं? मला पण न विचारता डाग लावलाय. माझीही चौकशी कुठे केली?"

त्याचं सगळं बरोबर होतं. चौकशी नाही, आरोप नाही, बाजू ऐकली नाही. फक्त एक गोष्ट त्याच्या लक्षात आली नव्हती, आणि ती त्याला सांगायचं माझ्यावर आलं.

"तुम्हाला तिथे घेणार नाहीत," मी म्हणाले.

"का?"

"ते दार कामगारासाठी आहे. रजा, भरती, काढणं तुमच्या सहीनं व्हायचं. तुम्हीच सांगितलंत, त्यांनी लिहून घेतलंय. तुम्ही खरोखरचे मॅनेजर होतात."

त्यानं कागद खिशात घातला. दर्शिनीतला माणूस "कॉफी येरडा?" म्हणून विचारून गेला. मी दोन बोटं दाखवली. कॉफी आली आणि तशीच टेबलावर राहिली. दिवाणी कोर्ट असतं, वकीलबाईंना विचारते, असं मी काहीबाही बोलले. त्यात वर्षं जातात हे त्यालाही माहीत होतं. लोकांना वाटेला लावताना त्यानं हेच तर हिशेबात धरलेलं असणार. माझा राग गेलेला नव्हता. त्यानं माझ्या ओळींचं जे केलं ते मी आजही विसरलेली नाही. पण खोलीतला तो पंखा, तो घाम आणि ते "सगळेच म्हणतात" हेही मीच पाहिलं होतं, आणि ते पाहिलेलं दुसरं कोणी त्याच्या बाजूला नव्हतं.

"तुम्ही खरं बोललात म्हणून तुम्हाला काढलं," मी म्हणाले. "मी साक्ष देईन."

"कुठे?" त्यानं विचारलं.